"दादा, हे तुम्ही सांगितलं नव्हतं"

सहामाहीचे पेपर हातात मिळाले त्या संध्याकाळी सातवीतला एक मुलगा विहाराच्या पायरीवर बसून राहिला होता. आत यायला तयार नव्हता. गणितात पन्नासपैकी अकरा गुण. आम्ही त्याचा पेपर घेऊन पाहिला. नफा-तोट्याचे एक उदाहरण त्याने कोरे सोडले होते. आदल्याच आठवड्यात तसलेच उदाहरण आम्ही फळ्यावर दोनदा सोडवून दाखवले होते. त्याने ते वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले होते, पाठही केले होते. फरक एवढाच, की आमचा दुकानदार सायकल विकत होता आणि पेपरातला दुकानदार पंखा विकत होता. शिवाय आम्ही खरेदीची किंमत देऊन विक्रीची विचारली होती, पेपरात ते उलटे होते.

"का सोडलंस रे?" आम्ही विचारले.

तो म्हणाला, "दादा, हे तुम्ही सांगितलं नव्हतं."

त्या उत्तरात तक्रार नव्हती. जे सांगितले ते येते, जे सांगितले नाही ते कसे येणार, असा त्याचा सरळ हिशेब होता. आणि हा हिशेब त्याला आम्हीच शिकवला होता.

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात संध्याकाळी सात वाजता त्रिशरण-पंचशील झाले की सतरंज्या तशाच ठेवून अभ्यासवर्ग सुरू होतो. फी नाही. तीस-बत्तीस मुले येतात. कोणाचे वडील नाक्यावर उभे राहतात, कोणाचे गवंडीकाम करतात, कोणाची आई चार घरची धुणीभांडी करते, कोणी सफाई खात्यात आहे. शिकवणारे आम्ही चौघे, नोकरीधंदा सांभाळून येणारे. मुले आम्हाला दादा आणि ताई म्हणतात. वर्गाला आम्ही 'शिकवणी' म्हणत होतो आणि खरोखरच आम्ही शिकवत होतो, मुले लिहून घेत होती. शनिवारी वह्या तपासायच्या, भरलेली वही दिसली की पाठ थोपटायची. पालकही खूश, विहार कमिटीही खूश.

पैसेवाल्या घरातले मूल अडले तर घरात कोणीतरी असते, नाहीतर खासगी क्लासचे सर असतात. आपले मूल अडले की तिथेच थांबते. आणि सांगतील तेवढेच करायचे, विचारायचे नाही, हा धडा तर आपल्या पूर्वजांना शेकडो वर्षे दुसऱ्या लोकांनी पढवला होता. तोच धडा आम्ही विहारात बसून, बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर, आपल्याच मुलांना देत होतो की काय? त्या रात्री आम्ही चौघे बराच वेळ बोलत बसलो.

लाद्यांवरचा चौरस

आमच्यातली ताई तेव्हा बी.एड. करत होती. तिने एक प्रयोग करून पाहायचे ठरवले. अट एकच: तासभर आम्ही कोणीही एकही उत्तर सांगायचे नाही. फक्त विचारायचे.

विहाराची जमीन चौकोनी लाद्यांची आहे. ताईने खडूने दोन लाद्या लांब, दोन लाद्या रुंद असा चौरस आखला.

"आत किती लाद्या?"

"चार."

"आता मला याच्या दुप्पट जागेचा चौरस हवा. आत आठ लाद्यांएवढी जागा, पण आकार चौरसच. बाजू किती घेऊ?"

"चार!" सगळ्यांचा एकच आवाज.

"बरं, काढा." एका मुलाने चार बाय चारचा चौरस काढला. मोजल्या तर सोळा लाद्या.

"दुप्पट झाला?"

"नाही ताई, चौपट झाला."

"मग बाजू दोनपेक्षा मोठी हवी की लहान?" मोठी. "आणि चारपेक्षा?" लहान. "मग?"

"तीन! तीन!" तीनचा काढला, नऊ लाद्या भरल्या. आठ काही होईनात.

आता वर्ग गप्प झाला. सगळ्यात अवघड वेळ ही असते, आणि ती मुलांपेक्षा शिकवणाऱ्याला अवघड जाते. आमच्यातले निवृत्त रेल्वे कर्मचारी असलेले काका उत्तर सांगायला उठलेच होते, ताईने त्यांना डोळ्यांनी बसवले. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात वर्गावर्गांतून ध्वनिमुद्रण करून असे दाखवले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात आणि लगेच स्वतः बोलू लागतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात. तेच तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरे लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागतात. तीन सेकंद! ऐकायला काहीच नाही. पण तीस मुले तोंडाकडे पाहत असताना गप्प बसून पाहा.

ताई थांबली. मग तिने विचारले, "तो सोळा लाद्यांचा मोठा चौरस अजून इथेच आहे. आपल्याला आठ हव्यात. आठ म्हणजे सोळाच्या किती?"

"अर्ध्या."

"आणि मोठ्या चौरसात आपला पहिला छोटा चौरस किती वेळा बसलाय?"

"चार वेळा."

"मग त्या चारांचं काय करू या?"

सहावीतली एक मुलगी उठली. वर्षभरात तिचा आवाज आम्ही हजेरीपलीकडे ऐकला नव्हता. तिने खडू घेतला आणि एका छोट्या चौरसावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारली. पहिली रेघ भलत्या कोपऱ्यातून गेली, शेजारच्या दोघींनी सांगितले, तिने पायाने पुसून पुन्हा काढली. चारही चौरसांवर चार तिरक्या रेघा झाल्या आणि मधे एक आडवातिडवा आकार उभा राहिला.

"पतंग!" एक जण ओरडला.

"पतंग आहे की चौरस?" ताई म्हणाली. यावर जे भांडण जुंपले ते आम्ही मिटवले नाही. कोणी मान वाकडी करून पाहिले, कोणी दोरी आणून चारही बाजू मोजल्या, कोणी वहीचा कोपरा लावून काटकोन पाहिला. चौरसच निघाला. मग आतल्या लाद्या मोजल्या. चार अख्ख्या, आठ अर्ध्या. म्हणजे आठ.

तासाला कर्ण हा शब्द आम्ही उच्चारला नव्हता, वर्गमूळही नाही. ते नंतर आले आणि पटकन आले, कारण शब्द यायच्या आधी वस्तू डोळ्यांसमोर होती.

अथेन्सचा गुलाम मुलगा आणि पुण्याची मुक्ता

हा चौरस आमच्या ताईचा नव्हे. तो सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीचा आहे. ग्रीस देशातल्या अथेन्स शहरात सॉक्रेटिस नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. इ.स.पूर्व ३९९ मध्ये त्याला विष देऊन मारण्यात आले. तरुणांना बिघडवतो हा त्याच्यावरचा एक आरोप होता. त्याचा शिष्य प्लेटो याने 'मेनो' नावाच्या संवादात हा प्रसंग लिहिला आहे. मेनो हा श्रीमंत गृहस्थ. त्याच्याबरोबर गुलाम आहेत. सॉक्रेटिस त्यातल्या एका मुलाला पुढे बोलावतो आणि जमिनीवर चौरस काढून नेमके हेच प्रश्न विचारतो. तो मुलगाही आधी चार म्हणतो, मग तीन म्हणतो, मग मला माहीत नाही म्हणतो आणि शेवटी कर्णापाशी पोचतो. ज्याने भूमितीचा एकही धडा घेतला नाही, असा गुलाम मुलगा आपल्या बुद्धीने उत्तराकडे जातो, हे सगळ्यांसमोर सिद्ध होते.

जगभरच्या शिक्षणाच्या पुस्तकांत या प्रसंगाचे कौतुक आहे. आम्हीही कौतुकच करतो. पण विहारात ही गोष्ट सांगितल्यावर एका मुलाने विचारले, "दादा, मग त्याला सोडून दिलं का?"

नाही. प्लेटोने पुढे त्या मुलाचे काहीही लिहिलेले नाही. त्याचे नावसुद्धा लिहिलेले नाही. संवाद पुन्हा मालकाशी सुरू होतो. गुलामाला अक्कल असते हे कळले; मग तो गुलाम का, हा प्रश्न तिथे कोणी विचारला नाही.

आपल्याकडे मात्र अशाच एका मुलीचे नाव राहिले आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत मुक्ता नावाची मातंग समाजातली मुलगी शिकत होती. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर मग आमचा धर्म कोणता, असा त्या कोवळ्या वयाच्या मुलीचा रोख आहे. हा प्रश्न काही तिला कोणी पाठ करायला दिला नसणार. ज्या शाळेत विचारायला मोकळीक होती, त्या शाळेतली ती मुलगी होती. पुढे १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिताना जोतीरावांनी धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादाचाच साचा घेतला. धोंडिबा विचारतो, अडतो, पुन्हा विचारतो.

तथागतांची रीत

काही पालकांना वाटले, हे नवे खूळ आहे. नवे कसले? आपल्या धम्माची ही जुनी रीत आहे. कालामांना केलेला उपदेश आपण सारे सांगतो: परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू म्हणतो म्हणून मानू नका. पण तो उपदेश तिथे संपत नाही. पुढे तथागत त्यांना विचारतात, की माणसाच्या मनात लोभ उत्पन्न झाला तर तो त्याच्या हिताचा की अहिताचा? उत्तर कालाम देतात. मग द्वेषाचे विचारतात, मोहाचे विचारतात. प्रत्येक पायरीवर बोलतात कालाम.

सोण नावाच्या भिक्खूची कथाही तशीच. इतका कठोर सराव, की चंक्रमण करून पायांतून रक्त आले, आणि आता हे सोडून घरी जावे असे मनात आलेले. तथागत त्याला उपदेशाने सुरुवात करत नाहीत. विचारतात, तू गृहस्थ असताना वीणा चांगली वाजवत होतास ना? तारा फार ताणलेल्या असताना वीणा नीट वाजायची का? आणि फार सैल असताना? सोण आपल्या अनुभवातून नाही, नाही म्हणत जातो आणि मग मध्यम ताणाची गोष्ट त्याला वेगळी पटवावी लागत नाही. ज्याला वीणा येते त्याला वीणेतून विचारायचे.

मात्र सगळेच विचारून निघत नाही, आणि हेही अंगुत्तर निकायात सांगितलेले आहे. प्रश्न चार प्रकारचे: ज्याचे सरळ उत्तर द्यावे, ज्याचे फोड करून उत्तर द्यावे, ज्याला उलट प्रश्न विचारून उत्तर द्यावे आणि जो बाजूला ठेवावा. पालीत यातल्या तिसऱ्याला 'पटिपुच्छा' म्हणतात. आम्हाला हे वर्गीकरण फार उपयोगी पडले. धम्मदीक्षेची तारीख विचारली तर सरळ सांगायचे, १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. "विचार करून बघ" म्हणून मुलाला तारीख कशी सुचेल? इंग्रजी शब्दाचे स्पेलिंगही सांगायचे. मोबाईल चांगला की वाईट, याची फोड करायची. दुप्पट चौरसाला उलट प्रश्न करायचा. आणि "ताई, तुम्ही अजून लग्न का नाही केलं?" हा प्रश्न ताईने चौथ्या प्रकारात टाकला.

बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढले. त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले, आणि परिसर नागसेनवन झाला. 'मिलिंदपञ्हा' या ग्रंथात उत्तरे देणारे आहेत भंते नागसेन, आणि प्रश्न विचारणारा आहे राजा मिलिंद. कॉलेजला नाव आहे विचारणाऱ्याचे. भंतेही राजाला कसे समजावतात? तुम्ही पायी आलात की वाहनाने? रथाने? मग आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? राजा एकेकाला नाही म्हणत जातो आणि आपल्याच उत्तरांच्या वाटेने पुढे सरकतो.

अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांना जॉन ड्युई हे गुरू लाभले. अनुभवातून, अडचणीला भिडून माणूस विचार करू लागतो, असे मांडणारा हा शिक्षणाचा मोठा तत्त्वज्ञ. १९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात बाबासाहेबांनी त्यांचे ऋण उघडपणे नोंदवले आहे.

आमची चूक

हे सारे कळले तरी आमच्या हातून एक चूक झाली, ती लपवणार नाही.

आमच्यातल्या एकाचा आवाज करडा आहे, मन वाईट नाही. एका आठवीतल्या मुलाला त्याने फळ्यापाशी उभे करून प्रश्न विचारायला सुरुवात केली. "याचा छेद काय? का? मग पुढे काय? बोल की. एवढंही येत नाही?" मुलगा गप्प. प्रश्न थांबेनात. मागची मुले हसली. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

आपल्या मुलांना प्रश्न म्हणजे काय असतो, याचा विचार आम्ही केला नव्हता. शाळेत प्रश्न विचारतात ते पुष्कळदा येत नाही हे सगळ्यांना दाखवायला. वडील काय काम करतात, हाही प्रश्नच असतो, आणि तो कोणत्या सुरात विचारला जातो हे आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे! फळ्यापाशी बोलावले की काय होते, हे तर बाबासाहेबांच्या चरित्रात आहे. त्यांना उदाहरण सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून वर्गातली मुले ते काढायला धावली होती.

आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. आई म्हणाली, "तो केटरिंगच्या कामावर जातो संध्याकाळचा. म्हणतो, तिथं कोणी इचारत नाही." दोनदा गेलो, तिसऱ्यांदा आमच्या त्या सहकाऱ्याने एकट्याने जाऊन त्याची माफी मागितली. मुलगा हसला, येतो म्हणाला. आला नाही. दहावीला तो बसलाच नाही. आता भेटला की जयभीम घालतो, पण विहाराच्या गल्लीतून जाताना पावले झपाझप उचलतो.

तेव्हापासून आम्ही काही बंधने स्वतःवर घातली आहेत. एकट्या मुलाला उभे करून प्रश्नांची फैर झाडायची नाही. दोन प्रश्नांनंतर मूल अडले तर तिसरा प्रश्न सोपा करायचा. तोही अडला तर सरळ सांगून टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे. चुकीच्या उत्तराला "चूक" म्हणण्याआधी "तुला असं का वाटलं?" विचारायचे, आणि बरोबर उत्तरालाही तेच विचारायचे. नाहीतर "का वाटलं" म्हटले की चुकले, हे मुले दोन दिवसांत ओळखतात. फार हुशार असतात ती या बाबतीत.

चतकोर आणि नितकोर

"आम्ही अडाणी, आम्ही पोरांचा अभ्यास काय घेणार?" पालक सभेत हे वाक्य हमखास येते. त्या माता-पित्यांसाठी एक घडलेली गोष्ट सांगतो.

पाचवीतली एक मुलगी एक-चतुर्थांशापेक्षा एक-अष्टमांश मोठा, असे ठामपणे म्हणत होती. तिचे कारणही पक्के होते: चारापेक्षा आठ मोठे. आम्ही फळ्यावर वर्तुळे काढली, फासे कापल्यासारखे भाग केले, अर्धा तास गेला. तिने मान डोलावली, आणि पुन्हा विचारले तर पुन्हा अष्टमांश मोठा. तिची आई न्यायला आली होती, दारापाशी बसून ऐकत होती. मराठवाड्यातल्या खेड्यातून आलेली, शाळेचे तोंड न पाहिलेली बाई. ती मुलीला म्हणाली,

"काय गं, चतकोर भाकर मोठी का नितकोर?"

"नितकोर म्हणजे?"

"चतकोर म्हणजे काय ते तर ठाव हाय ना? एका भाकरीच्या चतकोरी किती होत्यात?"

"चार."

"त्यातली एक घेतली आन तिचे पुन्ना दोन केले. ती नितकोर. मंग अशा किती निघतील अख्ख्या भाकरीच्या?"

मुलीने बोटांवर मोजले. "आठ."

"मंग तुला भूक लागली तर काय मागशील?"

मुलगी खुदकन हसली आणि तोंडावर हात ठेवला. आम्ही खडू खाली ठेवला. हे अपूर्णांक त्या माउलीच्या तोंडात आधीपासून होते. चतकोर हा शब्द आपल्या आजी-पणजींनी कोणाच्या दारात उभे राहून ऐकला, ते वेगळे सांगायला नको. त्याच शब्दाने तिने लेकीला गणित शिकवले.

तेव्हा पालक बंधू-भगिनींनो, उत्तर माहीत नसलेला माणूस प्रश्न विचारायला नालायक नसतो. उलट तो खोटे खोटे विचारत नाही, त्याला खरेच जाणून घ्यायचे असते. आम्ही पालक सभेत रोजच्या जेवणाच्या वेळी विचारायला दोनच प्रश्न सुचवतो. "आज शाळेत काय शिकलास?" हा त्यात नाही, त्याचे उत्तर "काही नाही" असे ठरलेले आहे. "आज तुला काय कळलं नाही?" हा पहिला. आणि मूल काही सांगू लागले की "मला समजेल असं सांग" हा दुसरा. आईला समजेल असे सांगायचे म्हणजे मुलाला पाठ केलेले वाक्य सोडून आपले वाक्य शोधावे लागते. गवंडी बापाने विचारावे, काटकोन तू कसा काढतोस, आम्ही तर दोरीवर तीन, चार आणि पाच फूट मोजून गुण्या जुळवतो, तुमच्या पुस्तकात काय आहे? पुस्तकात पायथागोरसचा सिद्धांत आहे, आणि तो बापाच्या दोरीत आहे हे मुलाला कळले की ते पुस्तक त्याला परके राहत नाही.

आता घरोघरी स्मार्टफोन आहे. उदाहरणाचा फोटो काढला की पायऱ्यांसह उत्तर येते, निबंध मागितला की निबंध येतो. आमच्या काकांचे मत होते, की वर्गात फोन बंदच करावा. आम्ही बंद केला नाही, कारण घरी तो चालूच असतो. फोनवरचे उत्तर आणले तर आणू देतो आणि विचारतो, "दुसऱ्या पायरीवर त्याने हे का केलं? आकडा बदलला तर काय होईल? हे बरोबर आहे हे तू कशावरून म्हणतोस?" ज्याला सांगता येते त्याला शाबासकी. ज्याला येत नाही तो स्वतःच वही उघडतो. काही जण उघडत नाहीत, हेही खरे.

मुलींना आठ वाजता का?

प्रश्न विचारायला शिकवले, की ते फक्त गणिताचेच विचारा असे बजावता येत नाही. लाद्यांवर तिरकी रेघ मारणारी ती मुलगी आता आठवीत आहे. एके दिवशी तिने विहार कमिटीच्या अध्यक्ष काकांनाच विचारले, "काका, वर्ग नऊ वाजेपर्यंत असतो. मग आम्हा मुलींना आठला का सोडतात?"

काका दचकले. वस्तीत आठवडाभर कुजबुज झाली. पोरी तोंडाळ झाल्या, याचसाठी वर्ग चालवता का, असे दोघा-तिघांनी आम्हाला ऐकवले. कालामांचा उपदेश भाषणात सांगणारेच त्यात होते. मग कमिटीच्या बैठकीत काकांनी, आमच्या तोंडाकडे न पाहता, तिलाच बोलावले. "पोरी, रात्रीची वेळ, गल्लीत अंधार. काळजीपोटी ठरवलंय."

"अंधार कशामुळे आहे काका?"

"खांबावरचा दिवा गेलाय."

"कधीपासून?"

काकांनी इतरांकडे पाहिले. कोणी म्हणाले दिवाळीपासून, कोणी म्हणाले त्याच्या आधीपासून.

"तक्रार कोणी दिली?"

कोणीच दिली नव्हती. काका थोडा वेळ गप्प बसले, मग मोठ्याने हसले. "चूक आमची," म्हणाले.

अर्ज मुलींनी लिहिला. मायना, विषय, खांब कुठे आहे त्याची खूण, खाली एकोणतीस सह्या आणि सात अंगठे. पोच घेऊन यायची हे मात्र आम्हाला सांगावे लागले. पाच आठवड्यांनी आणि दोन खेपांनंतर दिवा लागला. आता वर्ग सगळ्यांना नऊपर्यंत असतो. मुलींना न्यायला तीन-चार आया साडेआठलाच येऊन मागे बसतात. त्यातली एक परवा मधेच म्हणाली, "ताई, ते मघाचं पुन्हा सांगा. आठ अर्ध्या म्हणजे चारच कशा?"

ताईने खडू उचलला आणि तिच्या हातात दिला.